४०३ आला म्हणून 'ऑल ग्रँटेड' टाकणाऱ्यांसाठी

कुठल्याही क्लाउडवर एक नवीन सर्व्हर उभा करा, पब्लिक आयपी द्या, पोर्ट ८० उघडं ठेवा आणि त्यावर काहीही न टाकता काही दिवस विसरून जा. नंतर अ‍ॅक्सेस लॉग उघडलात की कोण कोण येऊन दार वाजवून गेलं ते दिसतं. वर्डप्रेसचं लॉगिन शोधणारे, पीएचपीमायअ‍ॅडमिन शोधणारे, पासवर्ड-की ठेवलेली डॉट ईएनव्ही फाइल मागणारे, आणि त्यांच्यात बहुतेक वेळा एक ओळ अशी असतेच: /सीजीआय-बिन/.%२ई/.%२ई/.%२ई/.%२ई/बिन/एसएच. (लॉगमध्ये रोमन असतं, इथे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

ही ओळ ऑक्टोबर २०२१ ची आहे, अपाची या वेब सर्व्हरमध्ये तेव्हा सापडलेल्या भोकाची. एवढी वर्षं झाली तरी बॉट ती मारतच बसलेत, आणि मारतात म्हणजे कुठेतरी अजून लागत असणार. नवीन पोरं टीममध्ये आली की त्यांना पहिल्यांदा मी हीच ओळ दाखवतो, कारण वेब सर्व्हर पॅच करणं म्हणजे नक्की काय काय करणं हे त्या एका आठवड्यात जेवढं शिकायला मिळालं तेवढं कुठल्या सर्टिफिकेशनमध्ये मिळत नाही. आणि ४०३ (परवानगी नाही) दिसला की कॉन्फिगमध्ये 'ऑल ग्रँटेड' (सगळ्यांना खुलं) टाकणारे त्यात कसे सापडले ते दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून शेवटी लिहून टाकतोय.

तो आठवडा आठवतो का बघा. सोमवार, ४ ऑक्टोबर. महाराष्ट्रात कोविडनंतर शाळा परत सुरू झाल्या तो दिवस. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा सगळंच झोपलं आणि आख्खं जग 'तुझं चालतंय का' विचारायला एसेमेस शोधायला लागलं. सगळ्यांची नजर तिकडे, इंटरनेटचे रस्ते ठरवणारं बीजीपी म्हणजे काय यावर काका-मामा ज्ञान देतायत, आणि त्याच दिवशी अपाची एचटीटीपी सर्व्हरचं २.४.५० गुपचूप रिलीज झालं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायजरी आली, सीव्हीई-२०२१-४१७७३ (सीव्हीई म्हणजे भोकाला मिळालेला जाहीर नंबर), आणि त्यात एक वाक्य असं होतं की हे आधीच वापरलं जातंय. म्हणजे आपल्याला कळायच्या आधी चोराला कळलेलं होतं. ते वाक्य दिसलं की पुढचं वाचत बसायचं नसतं, आधी आपल्याकडे कुठला व्हर्जन आहे ते बघायचं.

आणि इथेच पहिली गंमत. भोक फक्त २.४.४९ मध्ये होतं. २.४.४८ मध्ये नाही, त्याच्या आधीच्यात नाही. २.४.४९ आलं होतं सप्टेंबरच्या मध्यात, म्हणजे जेमतेम तीन आठवडे जुनं. त्या व्हर्जनमध्ये बऱ्याच जुन्या गोष्टी दुरुस्त केल्या होत्या, त्यातलं मॉड-प्रॉक्सी या मॉड्यूलचं एसएसआरएफ (सर्व्हरलाच भलतीकडे रिक्वेस्ट करायला लावणं) तर बऱ्यापैकी गंभीर होतं, त्यामुळे जो माणूस इमानदारीत सिक्युरिटी अपडेट लावतो तो २.४.४९ वर गेला होता आणि तोच सापडला. ज्यांनी सेंटओएस ७ वरचं २.४.६ वर्षानुवर्षं हलवलंच नव्हतं ते मजेत. उबंटू २०.०४ वाले २.४.४१ वर, तेही मजेत. डेबियन स्टेबलवालेही मजेत. सापडले कोण, तर सोर्सवरून कंपाइल करणारे, डॉकरची ताजी इमेज ओढणारे आणि रोलिंग (सतत ताजी होत राहणारी) डिस्ट्रो वापरणारे. तेव्हा एका क्लायंटच्या मॅनेजरने मला फोनवर ऐकवलं, 'बघा, म्हणून मी म्हणतो अपडेट करू नका.' त्यांना काय सांगणार, ते २.४.४८ वर होते आणि मॉड-प्रॉक्सी चालू होतं, म्हणजे दुसऱ्या भोकाने उघडेच होते, फक्त ते भोक त्या आठवड्यात पेपरात नव्हतं.

आता भोक काय होतं ते नीट बघू, कारण बहुतेक लेखांत 'पाथ ट्रॅव्हर्सल' एवढं म्हणून सोडून देतात. वेब सर्व्हरचं मूळ काम म्हणजे यूआरएल घ्यायची आणि ती डिस्कवरच्या एखाद्या फाइलला जोडायची. यूआरएलमध्ये टिंब-टिंब-स्लॅश आलं की त्याचा अर्थ एक फोल्डर वर जा. तसं चार-पाच वेळा लिहिलं की माणूस वेबसाइटच्या फोल्डरमधून बाहेर पडून थेट रूटपर्यंत पोचतो आणि तिथून ईटीसीमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये, शिरतो. हे सगळ्यांना माहिती आहे, म्हणून सर्व्हर पाथ आधी साफ करतो, टिंब-टिंब दिसलं की गिळून टाकतो. पण यूआरएलमध्ये कुठलंही अक्षर टक्का लावून हेक्समध्येही लिहिता येतं, टिंबाचा हेक्स २ई, म्हणून %२ई म्हणजेही टिंबच. मग प्रश्न येतो की आधी डीकोड करायचं की आधी तपासायचं.

२.४.४९ मध्ये ही साफसफाई एका नव्या फंक्शनकडे दिली होती, एपी नॉर्मलाइझ पाथ. ते एक एक कॅरेक्टर पुढे सरकत जातं, टक्का दिसला की पुढची दोन कॅरेक्टर घेऊन तिथल्या तिथे डीकोड करतं, आणि स्लॅशनंतर टिंब दिसलं की पुढचं कॅरेक्टरही टिंबच आहे का ते डोकावून बघतं. आता त्याला /.%२ई/ द्या. स्लॅश आला, टिंब आलं, फंक्शनने पुढे डोकावलं तर तिथे टिंब नाही, टक्का आहे. म्हणजे हे टिंब-टिंब नव्हे, जाऊ दे पुढे. पुढच्या फेरीत तो टक्का डीकोड होऊन टिंब झाला, पण आता तपासणीची वेळ निघून गेली, कारण तपासणी फक्त स्लॅशच्या लगेच पुढच्या टिंबाला होते. झालं, टिंब-टिंब तयार, आणि ते आत गेलेलं. एवढंच. कुठलं अवघड मेमरी करप्शन नाही, बफर ओव्हरफ्लो नाही, कॉलेजमधल्या पोराला लिहून दाखवता येईल असा बग.

पण यातून लगेच सगळं उघडं पडत नव्हतं. डॉक्युमेंट रूटच्या बाबतीत अपाचीत पुढे अजून एक तपासणी असते की जोडून तयार झालेला पाथ रूटच्या बाहेर जातोय का, तिथे हे अडकायचं. अडकायचं नाही ते अलियासमध्ये. अलियास म्हणजे तुम्ही सांगता की यूआरएलमध्ये /सीजीआय-बिन/ आलं की डिस्कवरच्या अमुक फोल्डरकडे जा. आणि सीजीआय-बिनची (सीजीआय म्हणजे सर्व्हरने स्क्रिप्ट चालवून उत्तर देणं) स्क्रिप्ट-अलियास तर मूळच्या कॉन्फिगमध्येच लिहिलेली असते, आपण सीजीआय कधी आयुष्यात वापरलं नसेल तरी. डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये ते फोल्डर आहे यूएसआर, लोकल, अपाची२, सीजीआय-बिन. मोजा, रूटला यायला किती पायऱ्या चढायच्या? चार. म्हणून वरच्या त्या लॉगच्या ओळीत %२ई चार वेळा आहे. बॉट लिहिणाऱ्याने बसून मोजलेलं आहे.

तरीसुद्धा फाइल मिळायला अजून एक अट होती, आणि हे सगळं लिहायला बसलो ते खरं त्या अटीसाठी. अपाचीच्या मूळ कॉन्फिगमध्ये सुरुवातीलाच एक ब्लॉक असतो, डिरेक्टरी स्लॅश, म्हणजे आख्ख्या फाइल सिस्टिमसाठी, आणि त्यात एक ओळ असते: रिक्वायर ऑल डिनाइड. अर्थ सरळ आहे, डिस्कवरचं काहीही कुणालाही द्यायचं नाही, आणि मग खाली ज्या फोल्डरमधलं द्यायचं त्याला वेगळा ब्लॉक करून 'ऑल ग्रँटेड' लिहायचं. ही ओळ जागेवर असेल तर %२ई घेऊन आलेला माणूस ईटीसीपर्यंत पोचतो, पण तिथे सर्व्हर म्हणतो ४०३, निघा. पाथ साफ करणारं फंक्शन चुकलं तरी ही ओळ पकडते. म्हणजे ज्यांची ही ओळ शाबूत होती ते २.४.४९ वर असूनही फाइलींच्या बाबतीत वाचले.

मग एवढे लोक सापडले कसे? त्या आठवड्यात शोडानवर (इंटरनेटवरचे सर्व्हर शोधून दाखवणारी साइट) २.४.४९ सांगणारे लाखाच्या वर सर्व्हर दिसत होते, सगळ्यांची ओळ गेलेली असेल असं नाही, पण ज्यांची गेली त्यांची कशी गेली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या कॉन्फिग फाइली साफ करतोय. माणूस साइट वार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मधून उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो, समजा होम किंवा एसआरव्ही किंवा डेटा. ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन येतं. एरर लॉगमध्ये एएच०१६३०, क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन. तो ते जसंच्या तसं गुगलवर टाकतो, पहिल्या उत्तरात लिहिलेलं असतं 'रिक्वायर ऑल ग्रँटेड टाका', आणि तो बघतो की कॉन्फिगमध्ये 'ऑल डिनाइड' कुठे आहे, सापडतं डिरेक्टरी स्लॅशमध्ये, तिथेच डिनाइडचं ग्रँटेड करतो. रीस्टार्ट. साइट चालली. टिकेट क्लोज. सगळे खूश.

खरं उत्तर होतं की आपल्या नवीन फोल्डरचा वेगळा डिरेक्टरी ब्लॉक लिहा आणि तेवढ्यालाच परवानगी द्या. तीन ओळींचं काम. डेबियनवाल्यांनी तर एसआरव्हीसाठीचा ब्लॉक कॉमेंट करून तयारच ठेवलाय, पुढचे हॅश काढायचे बास. पण मूळ ब्लॉकमध्ये एक शब्द बदलला की पण साइट चालते आणि पटकन चालते, आणि त्याने काही बिघडतं असं वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण पहिली भिंत उभी असते. २०१२ मध्ये २.४ आलं आणि जुनं 'ऑर्डर, अलाउ, डिनाय' जाऊन 'रिक्वायर' आलं तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. त्या अपग्रेडला अर्ध्या जगाच्या साइट्स ४०३ देत होत्या आणि अर्ध्या जगाने हाच जुगाड केला. तो जुगाड नऊ वर्षं कुणाला भोवला नाही. दहाव्या वर्षी भोवला.

तर मंगळवारी आम्ही काय केलं. पहिल्यांदा यादी. कुठे कुठे अपाची आहे ही यादी ज्याच्याकडे तयार असते तो माणूस मला अजून भेटायचाय. पॅकेज मॅनेजरला विचारलं तर तो फक्त त्याने लावलेलं सांगतो, सोर्सवरून ऑप्टमध्ये टाकलेलं सांगत नाही, आणि कंटेनरच्या आतलं तर अजिबात सांगत नाही. त्यामुळे उलट्या बाजूने गेलो, पोर्ट ८०, ४४३, ८०८० वर ऐकतंय कोण ते सगळ्या मशीनवर काढलं आणि त्या प्रोसेसची बायनरी कुठे आहे ते बघून तिलाच व्हर्जन विचारला. हेडरमध्ये येणाऱ्या सर्व्हरच्या नावावर जाऊ नका, शहाण्या माणसांनी सर्व्हर-टोकन्स प्रॉड करून ते लपवलेलं असतं. लपवायला हरकत नाही, पण त्याने बॉटला काडीचा फरक पडत नाही, तो व्हर्जन विचारतच नाही, सरळ मारून बघतो.

मग तपासणी, आणि यात बऱ्याच जणांची फसगत झाली. एका ठिकाणी साहेबांनी स्वतः क्रोममध्ये ती यूआरएल टाकून बघितली, ४०४ आला, आणि 'आपण सेफ आहोत' असा मेल सगळ्यांना गेला. पण ब्राउझरच्या नियमात .%२ई हे टिंब-टिंबच धरलेलं आहे, त्यामुळे ब्राउझर स्वतःच ते गिळतो आणि सर्व्हरकडे सरळ /ईटीसी/... अशी साफ केलेली यूआरएल जाते. सर्व्हरने ती शोधली, नाही मिळाली, ४०४. भोकापर्यंत रिक्वेस्ट पोचलीच नाही! हे कर्लने (कमांडवरून यूआरएल मागवणारं टूल) करायचं असतं आणि त्यातही 'पाथ अ‍ॅज इज' हा पर्याय देऊन, नाहीतर साधं टिंब-टिंब असेल तर कर्लही आवरून घेतो. आणि अर्थातच आपल्याच सर्व्हरवर करायचं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर 'सहज बघत होतो' म्हणून करायचं नाही, आयटी अ‍ॅक्टमध्ये सहज असं कलम नाहीये.

पॅच लावण्यातही तसंच. नवीन व्हर्जन टाकलं, 'अपाची-कंट्रोल ग्रेसफुल' (चालू रिक्वेस्ट न तोडता रीस्टार्ट) मारलं, चला झालं. झालं नाही. ग्रेसफुलमध्ये मूळची पॅरेंट प्रोसेस तीच राहते, ती कॉन्फिग परत वाचते, मॉड्यूल परत लोड करते, पण स्वतःची बायनरी बदलत नाही. आणि हे नॉर्मलाइझ करणारं फंक्शन कुठल्या मॉड्यूलमध्ये नाही, ते मुख्य बायनरीच्या पोटात आहे. म्हणजे डिस्कवर २.४.५०, कमांडला विचारलं तर २.४.५०, आणि मेमरीत चालतंय ते २.४.४९. पूर्ण स्टॉप करून स्टार्टच करावं लागतं. तपासायचं असेल तर प्रोक फोल्डरमध्ये जाऊन त्या पीआयडीची (प्रोसेसचा नंबर) ईएक्सई लिंक बघा, शेवटी 'डिलीटेड' असं दिसलं म्हणजे जुनंच भूत अजून बसलंय.

डॉकरमध्ये तर हे अजून सोपं फसतं. 'डॉकर रीस्टार्ट' केलं की तोच कंटेनर त्याच जुन्या इमेजवर परत उठतो. इमेज नवीन ओढायची, जुना कंटेनर काढायचा, नवीन इमेजवरून नवीन बनवायचा. कंपोझ फाइलमध्ये टॅग नुसता २.४ लिहिलाय म्हणून तो आपोआप नवीन होईल असं कित्येकांना खरंच वाटतं. आणि वर ज्यांनी त्या इमेजवर स्वतःची इमेज बांधलीय त्यांनी ती परत बिल्ड केल्याशिवाय काहीच बदलत नाही.

याच्या मधल्या काळात बातमी बिघडत चालली होती. अ‍ॅडव्हायजरीत 'फाइल वाचता येतात' असं होतं, पण दिवसभरातच लोकांनी दाखवून दिलं की मॉड-सीजीआय चालू असेल तर सीजीआय-बिनमधून वर चढून बिन/एसएच, म्हणजे कमांड चालवणारा शेल, गाठायचं, पोस्ट रिक्वेस्ट मारायची आणि बॉडीत जी कमांड लिहाल ती चालते. सर्व्हरला वाटतं ही एक सीजीआय स्क्रिप्टच आहे. म्हणजे फाइल वाचण्यावरून थेट कमांड चालवण्यापर्यंत. हिशेब तोच, डिरेक्टरी स्लॅशमध्ये ग्रँटेड असेल तरच.

आणि मग गुरुवार, ७ ऑक्टोबर. घटस्थापना. त्याच दिवशी राज्यातली देवळंही उघडली होती, घरचे सगळे सकाळीच रांगेत जाऊन आले, आणि संध्याकाळी अपाचीने २.४.५१ काढलं. कारण २.४.५० चा पॅच अर्धवट होता. सीव्हीई-२०२१-४२०१३. त्यांनी दुरुस्ती अशी केली होती की टिंबाच्या पुढे टिंब आहे का बघायचं, किंवा %२ई आहे का तेही बघायचं. म्हणजे जी एक स्पेलिंग पकडली गेली तेवढीच यादीत घातली. लोकांनी लगेच दुसरी काढली: .%%३२%६५. यात %३२ म्हणजे आकडा २ आणि %६५ म्हणजे ई हे अक्षर. पहिल्या डीकोडमध्ये ते दोन्ही उलगडतात आणि समोर उरतो तो %२ई. फंक्शनच्या दृष्टीने काम संपलं, हे टिंब नाही. पण पुढे रिक्वेस्टचा प्रवास चालू असताना अपाची पाथ अजून एकदा डीकोड करतो, आणि तिथे %२ई चं टिंब होतं. सोसायटीच्या वॉचमनने पार्सल उघडून बघितलं, आत अजून एक बंद खोकं होतं, ते न उघडताच 'जाऊ दे, खोकंच आहे' म्हणून वर पाठवलं, आणि वरच्या मजल्यावर ते उघडलं, तसला प्रकार.

इथे अपाचीवाल्यांना शिव्या देणारे बरेच होते. मी नाही देणार. बुधवारी रिपोर्ट, गुरुवारी रिलीज, हा वेग पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या भल्याभल्यांना जमत नाही. पण दुरुस्तीची पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती. वाईट इनपुट कसं कसं दिसू शकतं याची यादी करत बसलं की यादी कधी पुरी होत नाही. पूर्ण डीकोड करा, मग तपासा, आणि एकदा तपासल्यावर परत डीकोड करू नका. शेवटी २.४.५१ मध्ये अशा मोडक्या एन्कोडिंगलाच हाकललं, टक्क्यानंतर दोन हेक्स आकडे नसतील तर सरळ ४०० बॅड रिक्वेस्ट.

आणि बघा, हे काही नवीन नव्हतं. ज्यांचे केस आता पांढरे झालेत त्यांना आयआयएसचं आठवत असेल. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये स्लॅशला युनिकोडच्या वाकड्या एन्कोडिंगमध्ये लिहून बाहेर पडता यायचं, बुलेटिन एमएस००-०७८. ते बुजवलं. मे २००१ मध्ये परत, एमएस०१-०२६, या वेळी कारण काय तर सर्व्हर तपासणी झाल्यावर अजून एकदा डीकोड करत होता. डबल डीकोड! सप्टेंबर २००१ मध्ये निमडा नावाचा वर्म हीच भोकं, अजून चार-पाच रस्ते जोडून, जगभर फिरला, आणि त्याच्या सीएमडी डॉट ईएक्सईच्या ओळी कित्येक वर्षं अपाचीच्या लॉगमध्येही दिसायच्या. तेव्हा अपाचीवाले हसायचे. बरोब्बर वीस वर्षांनी तोच बग, तसाच अर्धवट पॅच, फक्त घर बदललं.

वॅफ, म्हणजे रिक्वेस्ट गाळणारी वेब फायरवॉल, लावून बसलेल्यांचं काय झालं तेही सांगतो. मंगळवारी बऱ्याच जणांनी घाईत नियम टाकला की यूआरएलमध्ये %२ई दिसलं की ब्लॉक. गुरुवारी जी यूआरएल आली तिच्यात %२ई हे अक्षरशः नव्हतंच. वॅफ हा पॅच लागेपर्यंतचा वेळ काढायला असतो, पॅचच्या ऐवजी नसतो, हे साहेब लोकांना कधी पटेल माहीत नाही, कारण वॅफचं बिल आधीच पास झालेलं असतं.

आता लॉग. पॅच लागला की अर्धी टीम घरी जाते आणि खरं काम तिथून पुढे असतं, कारण गेलेली फाइल पॅचने परत येत नाही. अपाची अ‍ॅक्सेस लॉगमध्ये रिक्वेस्ट जशी आली तशी लिहितो, डीकोड न करता, ही मोठी सोय आहे. %२ई आणि %%३२ दोन्ही ग्रेप करायचे, म्हणजे लॉगमध्ये शोधायचे, अक्षर लहान-मोठं दोन्ही धरून, आणि पुढचा स्टेटस बघायचा. ४०० म्हणजे पॅच लागल्यानंतर आलेला. ४०३ म्हणजे भोक होतं, माणूस आला होता, पण त्या 'ऑल डिनाइड'ने वाचवलं, तिला नमस्कार करा. २०० दिसला की बसून घ्या.

२०० च्या पुढे बाइट्सचा आकडा असतो, तो सोडू नका. समजा रिक्वेस्ट ईटीसीतल्या पासवर्ड फाइलसाठी आहे, तर त्या मशीनवर ती फाइल किती बाइट्सची आहे ते डब्ल्यूसी कमांडने काढा आणि लॉगशी जुळवा. तंतोतंत जुळलं म्हणजे फाइल गेली, शंका नाही. त्या फाइलमध्ये नावाप्रमाणे पासवर्ड नसतात, ते शॅडोमध्ये असतात आणि शॅडो अपाचीच्या युजरला वाचता येत नाही, त्यामुळे नुसती ती फाइल गेली असेल तर छातीत धडकी भरवून घ्यायची गरज नाही. पण ती मागून बॉटने खात्री केलेली असते की इथे चालतंय. त्याच आयपीवरून, किंवा त्याच्या पुढच्या अर्ध्या तासात दुसऱ्या आयपीवरून काय मागितलं गेलं ते बघा. वर्डप्रेसची कॉन्फिग, डॉट ईएनव्ही, बॅकअपची स्क्रिप्ट ज्यात कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड सरळ लिहून ठेवलाय. त्या सगळ्या अपाचीच्या युजरला वाचता येतात, यायलाच लागतात, नाहीतर साइट कशी चालणार. असं काही गेलेलं दिसलं तर डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की, मेलचा पासवर्ड, सगळं बदलायचं, आणि जुन्या की रद्दही करायच्या, नुसत्या नव्या बनवून जुन्या तशाच ठेवायच्या नाहीत.

आणि बिन/एसएचला पोस्ट गेलेलं आणि २०० आलेलं दिसलं तर मग लॉगवर वेळ घालवू नका. पोस्टची बॉडी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये येत नाही, म्हणजे काय चालवलं ते तुम्हाला तिथून कळणारच नाही. मशीनची डिस्क कॉपी करून बाजूला ठेवा आणि सर्व्हर नवीन उभा करा. साफ करून वापरू म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लेखी घेतो.

लॉग किती दिवसांचे ठेवता तेही बघून घ्या. डेबियन-उबंटूत अपाचीचा लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला करून उडवणारं टूल) मुळात रोज फिरतो आणि चौदा ठेवतो, म्हणजे दोन आठवडे. २.४.४९ तीन आठवडे बाहेर होतं, म्हणजे पहिल्या आठवड्यात कोण येऊन गेलं ते उडालेलं. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश आले, त्यात १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असं आहे. सहा तासांवरून तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली, पण १८० दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही, डिस्क स्वस्त आहे आणि लॉग झिप होऊन मूठभर होतात.

जाता जाता व्हीएपीटीवाल्यांची (सिक्युरिटी तपासणी करणाऱ्यांची) एक तक्रार करतोच. एका ऑडिटरने आम्हाला जो रिपोर्ट दिला त्यात रेड हॅटवरच्या २.४.६ ला लाल रंगात चाळीसेक सीव्हीई लावलेल्या. रेड हॅट जुनाच व्हर्जन नंबर ठेवून दुरुस्त्या मागे आणून लावतं, हे पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सरळ वाचता येतं, ते वाचायचं नाही, नुसता बॅनरमधला नंबर घ्यायचा आणि यादी छापायची. आणि त्याच रिपोर्टमध्ये एका मशीनवर डिरेक्टरी स्लॅशला ऑल ग्रँटेड होतं, ते कुठेच नाही, कारण त्याला सीव्हीई नंबर नाही. ते आम्हाला आमचं आम्ही सापडलं.

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर वापरणारे हे सगळं वाचून गालात हसत असतील तर त्यांनी पण एकदा कॉन्फिग उघडा. लोकेशनला /स्टॅटिक लिहिलंय, शेवटी स्लॅश नाही, आणि खाली अलियासमध्ये फोल्डरच्या शेवटी स्लॅश आहे, असं कुठे आहे का बघा. असेल तर /स्टॅटिक../ मारलं की सर्व्हर एक फोल्डर वर जातो. एकच, पण त्या एका फोल्डरवर बहुतेक ॲप्सचं सेटिंग्जचं सामान पडलेलं असतं. याला पॅच येणार नाही, कारण एनजिनएक्सच्या लेखी हा बग नाहीच, तुम्ही लिहिलंय तसंच तो वागतोय. लोकेशनच्या शेवटी स्लॅश द्या, टेस्ट करा, रीलोड करा. इथे रीलोड पुरतो.